डोंगरसेनेचे डोळे

डिंगोरे, ता. जुन्नर
२० जून २०२४

चि. श्रेया हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा बाप रविवारी खोका ठेवून गेला. चहासुद्धा उभ्यानंच घेतला त्यानं. खोक्यात काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "श्रेयाचं आहे, तिनं चिठ्ठी टाकलीय." आणि गाडीला किक मारून मोकळा. तुझी चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती, ती मला सोमवारी सापडली. तोवर मी समजत होतो की शिवणयंत्राचे सुटे भाग असावेत.

तर तुझ्या खेळातली ही चोवीस माणसं मी दसऱ्यापर्यंत रंगवून द्यायची. तुला कॉलेजच्या प्रॅक्टिकलमुळे वेळ नाही, आणि तुझं म्हणणं की, माझा मोतीबिंदू आता निघालाय नि हात तर गणपतीचे डोळे काढणारा आहे. पोरी, तुझा डाव मला कळला. तुझी आजी जाऊन दोन वर्षं झाली, म्हातारा ओट्यावर बसून रस्ता मोजतो, त्याला काहीतरी उद्योग लावून द्या असं तुम्ही बापलेकींनी ठरवलेलं दिसतंय. असू दे. चाळीस वर्षं मुलांना उद्योग लावून दिले, आता मुलं मला लावतायत.

पत्रंच पाठवा म्हणालीस ते उत्तम केलंस. आईनं तुझा फोन काढून घेतला, शाबास तिची. मला तरी फोनवर कुठे ऐकू येतं? विहिरीत तोंड घालून कुणी बोलावं तसं घुमतं नुसतं.

आता एक अपराध सांगतो. घरी आलेल्या माणसाला आधी आंघोळ घालावी, म्हणून सगळ्यांना पातेल्यात घेतलं आणि बंबातलं कढत पाणी ओतलं. बाहेर काढले तर तेवीस जणांचे भाले वाकलेले, वाऱ्यानं लोळलेल्या भातासारखे. ती वीतभर उंचीची, डोक्यावर दगडांची पाटी घेतलेली राक्षसीण तेवढी ताठ आहे. शेजारची बायडाबाई भाकरी घेऊन आली होती, ती म्हणाली, "गुर्जी, ह्या वयात भातुकली मांडली का काय? आन तीबी पार उकडून!"

या माणसांचं आता काय करू? लिहून कळव. मला पोस्टर कलर आणि तैलरंग ठाऊक आहेत. ते तू पाठवलेल्या इवल्या बाटल्यांतले रंग कसले, कशात कालवायचे, काही कळत नाही. वर्गातल्या मुलाला सांगतात तसं पहिल्यापासून सांग.

तुझा,
दादाभाऊ आजोबा


भोसरी, पुणे
२ जुलै २०२४

ती. आजोबा,
सा. न.

पत्र वाचून इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. काही बिघडलेलं नाही. परत कढत पाणी घ्या, वाकलेला भाला अर्धं मिनिट त्यात धरा, बोटानं सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. गार पाण्यात तो आहे तसा पक्का होतो. आंघोळ घालायची ती कोमट पाण्यात, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन. साच्याचं तेल अंगावर राहिलं तर रंग धरत नाही.

मग ब्लेडच्या पाठीनं अंगावरची साच्याची रेघ खरवडायची. प्रत्येकाला बाटलीच्या झाकणावर चिकटवा, म्हणजे झाकण धरून रंगवता येतं, रंगाला बोट लागत नाही. नंतर डब्यातला काळा फवारा, तो पहिला थर. एक वीतभर लांबून, हात चालता ठेवून. पावसाळी दमट हवेत अजिबात मारू नका, अंगावर रवाळ खरखर येते आणि चेहरे जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रंग बाटलीतून थेट लावायचा नाही. पाणी घालून दुधासारखा पातळ करायचा. पहिल्या हाताला रंग लागलाच नाही असं वाटेल. वाटू द्या. वाळू द्या. मग दुसरा हात. जाड रंग लावला की नाक, ओठ, सुरकुत्या सगळं बुजतं. ही माणसं करंगळीएवढी आहेत, त्यांचं रूप म्हणजे केसाएवढ्या खाचा.

ताटलीत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग काढा. दिवसभर सुकत नाही. ब्रश निम्म्यापेक्षा जास्त बुडवू नका. आणि ब्रशला टोक आणायला तो तोंडात घालायचा नाही! तुम्ही गणपतीच्या वेळी घालायचात, मी बघितलंय.

डोळे बरेच जण आधी काढतात. चुकले तर भोवतीचा चेहरा परत रंगवता येतो म्हणून.

खेळ असा आहे की टेबलावर दोन सैन्यं मांडायची, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजून पुढे सरकायचं. माझी डोंगरसेना. समोर मोहित असतो, माझ्या वर्गातला. तो मला चिडवतो, "तुझं सैन्य अजून बिनकपड्यांचं लढतंय." आजोबा, मला ते चोवीस जण एकदा रंगीत उभे राहिलेले बघायचेत. एकदाच, पण बघायचेत. दसऱ्याच्या पुढे नको हं.

तुमची,
श्रेया


डिंगोरे
२८ जुलै २०२४

चि. श्रेया, अनेक आशीर्वाद.

भाले सरळ झाले. तुझी विद्या खरी ठरली.

फवाऱ्यासाठी मात्र तीन आठवडे बसून राहावं लागलं. आमच्याकडचा पाऊस तुला माहीत आहे. भिंतीला हात लावला तरी ओला होतो. मागच्या गुरुवारी दोन तास ऊन पडलं तेव्हा सगळी सेना घेऊन अंगणात पळालो. एका हातात पाट, पाटावर चोवीस झाकणं. संपत कुंभार वाटेनं चालला होता. थबकून म्हणाला, "गुर्जी, हे देव कुनाचं म्हनायचं?" म्हटलं, "माझ्या नातीचे." म्हणाला, "लई कडक दिसत्यात. नवसाला पावतीन."

तू दुधासारखा म्हणतेस, मी ताकासारखा म्हणेन. दूध ताटलीला धरून राहतं, ताक सरकतं. पहिल्या तिघांना मी दह्यासारखा रंग लावला आणि तू म्हणालीस तेच झालं, तोंडं गेली. ब्रश सोड्याच्या पाण्यात बुडवून घासून काढले, तरी एकाचं नाक गेलंच. त्याला मी मागच्या रांगेत ठेवलाय.

खिडकीजवळ पाट घेऊन सकाळी नऊ ते अकरा बसतो. आधी अंगरखा, मग कातडं, मग पट्टे. त्यानंतर तुझ्या खोक्यातली ती काळी पातळ शाई अंगावर सोडली की ती आपोआप खाचांत जाऊन बसते आणि माणूस एकदम जागा होतो. मला आहुप्याची शाळा आठवली. नवीन नोकरी, मी एकवीस वर्षांचा, एका खोलीत चार इयत्ता. मुलांकडे रंगपेटी कुठली? चुलीतला कोळसा पाण्यात कालवून कागदावर सोडायची, आणि कागदाच्या चुण्यांत काळं जाऊन डोंगर उभा राहायचा. बाहेर धो धो पाऊस, आत सगळी पोरं एका चालीत कविता म्हणायची. पावसाच्या वर आवाज जायचा त्यांचा. ती चाल आजही ब्रश हातात घेतला की ओठावर येते, शब्द मात्र हरवलेत. म्हणून तुझ्या धड्याची मीच कविता केली. पाठ कर.

पातळ थर नि हलका हात,
रंग बसू दे खाचाखाचांत.
घाई करील तो पुसत बसेल,
वाट पाहील त्याला दिसेल.

शेवटची ओळ मला फार आवडली. चार वेळा म्हणून बघितली.

आणि हो, या वेळी तुझं अक्षर केवढं मोठं! एका पानावर जेमतेम दहा ओळी. म्हाताऱ्याच्या डोळ्यांची काळजी ना? अगं, ऑपरेशननंतर मला लिंबाच्या पानावरची मुंगी दिसते. बारीक काढलंस तरी चालेल, कागद वाचेल.

तुझा,
आजोबा


भोसरी
२१ ऑगस्ट २०२४

ती. आजोबा,
सा. न.

कविता पाठ झाली. मोहितलाही म्हणून दाखवली.

अक्षर मोठंच राहू दे, मला आता सवय झालीय. ओळी खाली उतरतात त्याकडे बघू नका, पलंगावर बसून लिहितेय.

एक काम कराल? रंगवताना कुठला रंग कुठे लावला ते पत्रात लिहीत जा. नुसतं 'हिरवा' असं नको. कशासारखा हिरवा, ते. तुम्ही सांगितलं की मला बरोबर डोळ्यापुढे येतं.

शाई वाळल्यावर वरून कोरडा ब्रश मारायचा. फिका रंग घ्यायचा, फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा, मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. केस, दगड, कापडाच्या घड्या उठून येतात. राक्षसिणीच्या पाटीतल्या दगडांना छान होईल.

तिचा चेहरा सुपारीएवढा आहे, तो नीट करा. मला तिचाच चेहरा बघायचाय. लहानपणी डिंगोऱ्याला आले की मी आजीच्या कुशीत तिच्या हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके मोजत झोपायचे. एक दोन तीन, परत एक दोन तीन. का आठवलं कोण जाणे.

दसरा बारा ऑक्टोबरला आहे. त्याआधी झाले तर आणखी बरं. जेवढे होतील तेवढे पाठवलेत तरी चालेल.

तुमची,
श्रेया


डिंगोरे
१६ सप्टेंबर २०२४

चि. श्रेया, अनेक आशीर्वाद.

उद्या गणपती जातील. या वर्षीही संपतच्या अकरा मूर्तींचे डोळे मीच उघडले. म्हातारा झालो तरी तो दुसऱ्याला हात लावू देत नाही.

तुझे तेवीस भालेकरी तयार झाले. अंगरख्याचा रंग वाळल्या हळदीचा, ओल्या नाही. पट्टे चिंचोक्याचे. भाल्याचं पातं म्हणजे पहाटेच्या दवातला विळा. पायाखाली ओढ्याची वाळू चाळून चिकटवली आणि तिला नांगरलेल्या काळ्या रानाचा रंग दिला. एकेकाला वेगळी नजर दिली. एक जण दचकलेला आहे, एक पेंगुळलेला, आणि बिननाकाचा रागीट. डाव्या कडेचा आमच्या बाळासाहेब पोस्टमनसारखा झालाय. तुझं पत्र देताना त्यानं स्वतःला ओळखलंसुद्धा. म्हणाला, "गुर्जी, मला भाला काहून दिला? कुत्र्यांसाठी व्हय?"

राक्षसिणीची पाटी तू सांगितल्यासारखी केली. लुगड्याला आहुप्याच्या देवराईतला हिरवा दिला. तिथं भर दुपारी ऊन आत येत नाही, खोडांवर शेवाळ चढलेलं असतं, आणि एखादाच कवडसा पडला की ते आतून पेटल्यासारखं दिसतं. तो पेटलेला हिरवा घड्यांच्या कडेला, विझलेला आत. सात पातळ थर झाले. चेहरा तर असा आलाय की मीच पाटावरून उठून लांब जाऊन बघतो. हनुवटीवर काय केलंय ते सांगत नाही. येईल तेव्हा बघ.

फक्त डोळे राहिले आहेत. तू म्हणतेस आधी काढतात. तेवीस जणांचे मी तुझ्या रीतीनं आधी काढले. हिचे माझ्या रीतीनं शेवटी काढणार. आमच्याकडे मूर्तीचे डोळे उघडले की ती कारखान्यात ठेवत नाहीत. तोंडावर फडकं टाकतात आणि ज्याची त्याला देऊन टाकतात. नजर उघडली की ती जाणार. म्हणून मी घाई करत नाही. अजून कोपरावर थोडं काम आहे, पाटीची दोरी आहे. सेना सेनापतीबरोबरच निघावी, म्हणून ते तेवीसही इथंच खणात उभे आहेत.

पत्र लवकर लिही. बाळासाहेब सायकल न थांबवता पुढे गेला की तो दिवस फार लांबतो.

तुझा,
आजोबा


भोसरी
२६ सप्टेंबर २०२४

आजोबा,

डोळे राहू देत. तशीच पाठवा.

कोपर, दोरी काही नको. पप्पा दोन तारखेला सुट्टीच्या दिवशी येतील, त्यांच्याकडे खोका द्या. चोवीसही. डोळे इथं मोहित काढेल, नाहीतर नसले तरी चालतील.

मला आत्ता बघायचेत. प्लीज.

श्रेया


डिंगोरे
९ ऑक्टोबर २०२४

चि. श्रेया, अनेक आशीर्वाद.

तुझा बाप येऊन गेला. त्याला मी रिकाम्या हातानं परत पाठवलं म्हणून तू रागावली असशील. वरचं व्हार्निश ओलं होतं, प्रवासात धूळ बसली असती. सुनील खणापाशी बराच वेळ उभा राहिला. काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल रे." तर हात हलवून "काही नाही" म्हणाला आणि गेला.

डोळ्यांशिवाय पाठवा म्हणतेस, ते मात्र माझ्या हातून होणार नाही. आंधळी मूर्ती घराबाहेर काढू नये. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ते चांगलं नाही. हे मी माझ्या वडिलांकडून ऐकलं आणि आयुष्यभर पाळलं. आणि तो मोहित कोण डोळे काढणारा?

एवढी कसली घाई? माझी कविता विसरलीस? वाट पाहील त्याला दिसेल. दसरा गेला तर दिवाळी आहे. दिवाळीनंतर मी स्वतः घेऊन येईन.

तोवर तुझं लांबलचक पत्र येऊ दे. मागचं फारच त्रोटक होतं. आणि रेघांच्या वहीत लिही, ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. शिक्षकाच्या नातीला हे शोभत नाही.

तुझा,
आजोबा


भोसरी
२० नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना,
नूतनचा सा. न.

दिवाळी झाली, श्रेयाचं पत्र नाही, म्हणून तुम्ही तीन कार्डं टाकलीत. ती सगळी मिळाली. उत्तर लिहायला बसले की हात चालायचा नाही. आज लिहितेय.

बाबा, श्रेयाला दिसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात डाव्या डोळ्यानं सुरुवात झाली. डोळ्याच्या मागची नस सुकत चाललीय, त्यावर औषध नाही, असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. जूनमध्ये उजव्या डोळ्याचंही निघालं. महिने सांगता येत नाहीत म्हणाले, पण दिवाळीपर्यंत वाचता येईल असं वाटत नाही. कॉलेज तेव्हाच सुटलं. फोन मी काढून घेतला नव्हता, तिला त्यावरचं दिसेनासं झालं होतं. पत्रं ती मोठ्या अक्षरांत लिहायची, कारण तेवढीच तिला दिसायची. आता समोरचं काही दिसत नाही. कडेनं उजेड कळतो, दारात माणूस उभा आहे एवढं समजतं.

तुम्हाला सांगू नका हे तिचंच. ह्यांनी दोनदा सांगायचं ठरवलं होतं. ती म्हणायची, "आजोबांना कळलं तर त्यांचा हात थरथरेल, रंग रेघेबाहेर जाईल. आधी रंगवून येऊ दे, मी बघते, मग सांगा." ऑक्टोबरच्या दोन तारखेला हे परत आले तेव्हा ती गेटपाशी उभी होती. पिशवी हातानं चाचपली आणि आत गेली.

तुमचं नऊ तारखेचं पत्र आलं तेव्हा तिला ते वाचता येईना. मी वाचून दाखवलं. मूर्तीच्या त्या वाक्याशी आले आणि थांबले. ती म्हणाली, "वाच ना आई, पुढे वाच." मी वाचलं. ती म्हणाली, "बरोबर आहे आजोबांचं. त्यांना काय माहीत."

तुम्हाला दोष देत नाही, बाबा. लपवलं आम्हीच. आता खोका पाठवला नाहीत तरी चालेल.

तुमची,
नूतन


डिंगोरे
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. नूतन आणि चि. श्रेया,
अनेक आशीर्वाद.

नूतन, हे पत्र श्रेयाला मोठ्यानं वाचून दाखव. एकही वाक्य गाळू नकोस.

श्रेया, व्हार्निश ओलं नव्हतं. सुनील आला त्याच्या दहा दिवस आधीच वाळलं होतं. कोपरावर काम नव्हतं, दोरीवर नव्हतं. राक्षसीण वीस सप्टेंबरला संपली. डोळे राहिले होते, ते दहा मिनिटांचं काम. रोज सकाळी खिडकीत पाट मांडायचो, तिला समोर ठेवायचो, ब्रश भिजवायचो आणि परत धुऊन ठेवायचो. डोळे उघडले की ती जाणार. ती गेली की तुझी पत्रं थांबणार. काम आहे तोवर नात लिहिते असं या म्हाताऱ्याच्या मनानं धरलं होतं. रीत खरी आहे, पोरी, पण मी तिच्याआड लपलो होतो.

नूतनचं पत्र आलं त्याच दिवशी तुझी सगळी पत्रं ओळीनं जमिनीवर मांडली. पहिलं ते शेवटचं. अक्षर कसं वाढत गेलंय, ओळी कशा उतरत गेल्यात, एखाद्या पोराच्या वहीत दिसलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी गेलो असतो. चाळीस वर्षं वह्या तपासल्या आणि घरच्या पोरीचं अक्षर वाचता आलं नाही. उलट रेघांची वही घे म्हणालो.

बायडाबाई भाकरी घेऊन आली. मी जमिनीवरच बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. तिनं पत्रं गोळा करून हातात दिली आणि म्हणाली, "आता पाठवा की, गुर्जी. डोळं तिला न्हाईत, बोटं हायती."

ते ऐकून उठलो. डोळे मिटले आणि राक्षसिणीच्या तोंडावरून बोट फिरवलं. तू शिकवलेले पातळ थर. कपाळाच्या आठ्या, नाकाचं टोक, गालाचा खळगा, सगळं बोटाला लागलं. एकही खाच बुजली नव्हती. पण मी हनुवटीवर जे तुझ्यासाठी काढलं होतं ते बोटाला लागेना. तेही तुझ्याच नियमानं, पातळ.

मग तुझा नियम मोडला. बाटलीतून थेट घेतला रंग. दह्यासारखा नाही, खव्यासारखा. काडीच्या टोकानं ठेवला, वाळू दिला, त्यावर परत ठेवला. पाच दिवस तेच केलं. डोळेही तसेच उघडले, जाड. हात थरथरला, तू म्हणाली होतीस तसा. डावा डोळा किंचित खाली आलाय.

सुनील उद्या येतोय. त्याच्या हाती चोवीसही देतो. मी आत्ता येत नाही. तुझ्यासमोर उभं राहायला थोडे दिवस दे.

नूतन, हनुवटीवर काय आहे ते तिला सांगू नकोस. राक्षसीण तिच्या डाव्या हातात दे, पाटी वर येईल अशी.

ती चार ओळींची कविता मी वहीतून खोडली आहे.

आजोबा


भोसरी
१५ डिसेंबर २०२४

ती. आजोबा,

लिहितोय मोहित, सांगतेय मी. तो म्हणतो त्याचं अक्षर कुत्र्याच्या पायासारखं आहे, गुरुजी मार्क कापतील. कापा.

खोका आला त्या दिवशी आईनं राक्षसीण माझ्या डाव्या हातात दिली. आधी पाटी सापडली, मग दगड. कपाळ. नाक. डोळे उघडे आहेत ते कळलं, डावा खाली आहे तेही. मग बोट खाली गेलं.

एक दोन तीन.

मी परत मोजले. मोहित लिहायचा थांबलाय, त्याला लिही म्हणतेय. रात्री आई जेवायला उठवायला आली तेव्हा राक्षसीण माझ्या उशाशी होती. आजीच्या कुशीतल्यासारखी झोपले होते म्हणे, एक बोट हनुवटीवर ठेवून.

रडले, आजोबा. रागही आला तुमचा. लई आला. दसऱ्याला मला अजून थोडं दिसत होतं. त्या हिरव्याच्या कडा तरी दिसल्या असत्या. हे लिहू का म्हणून मोहित विचारतोय. मी म्हटलं, लिही.

पण देवराईतला तो हिरवा मला माहीत आहे. विझलेला आत, पेटलेला कडेला. तुम्ही पत्रात लिहिलेला. बाकी कुणी सांगितलेले रंग आठवत नाहीत, तुमचे आठवतात.

आता अडचण अशी. ते तेवीस जण माझ्या बोटाला सगळे सारखेच लागतात. पेंगुळलेला कोण, दचकलेला कोण, पोस्टमन कोण, काही कळत नाही. बिननाकाचा तेवढा ओळखू येतो. मोहित म्हणतो की टेबलावर सुतळीच्या रेघा चिकटवू, फासे खोलगट ठिपक्यांचे घेऊ, मग खेळता येईल. पण मला माझी माणसं ओळखता यायला हवीत. तर तो खोका परत पाठवतेय. प्रत्येकाच्या पाठीवर काहीतरी उमटवा. वेगवेगळं. मला विचारू नका, मी शोधीन.

सुपारीएवढं तोंड असलेली ती माझ्याकडेच राहील. डोळे उघडल्यावर परत पाठवत नाहीत ना?

संक्रांतीला तुम्हीच घेऊन या. ऐकू येत नाही म्हणून काय झालं, मी तुमच्या हातावर बोटानं लिहीन. मोठ्या अक्षरांत.

रंग जाड लावा, आजोबा. आणि या वेळी वाट पाहू नका.

तुमची,
श्रेया